छतावरचा तंबू: घेण्याआधी घरात बसून करायचा विचार

सुट्टी जवळ आली की प्रत्येक घरात एकच हिशोब सुरू होतो. पाच माणसे म्हणजे लॉजच्या दोन खोल्या, दोन्ही वेळचे बाहेरचे जेवण, शिवाय स्वयंपाक हलाल आहे की नाही ही धाकधूक. तीन दिवसांच्या कोकण सफरीत महिन्याचा किराणा उडून जातो. म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक कुटुंबे आपल्याच गाडीत झोपण्याचा आणि आपल्याच शेगडीवर रांधण्याचा पर्याय शोधू लागली आहेत. त्यात हल्ली एक नवे नाव कानावर येते, ते म्हणजे गाडीच्या छतावर उघडणारा तंबू.

ही कल्पना तशी जुनी आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस इटलीत असे तंबू बनू लागले. पुढे आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील लांब पल्ल्याच्या प्रवाशांनी ते उचलून धरले. आखातात राहणारे आपले नातेवाईक हिवाळ्यात वाळवंटात जातात, तेव्हा त्यांच्या फोटोंतही असे तंबू दिसतात. आता ते आपल्याकडेही विकत मिळतात. मात्र किंमत लाखाच्या घरात जाते. एवढा पैसा फोटो पाहून खर्च करणे परवडणारे नाही.

आमच्या घरी आम्ही दोघे, अम्मी आणि बारा व नऊ वर्षांचे दोन मुलगे आहोत. गाडी म्हणाल तर एक छोटी व्हॅन. अम्मींना मधुमेह आहे, गुडघेही दुखतात. तंबू घ्यायचा की नाही आणि घेतला तर कोणता, यावर आम्ही तीन महिने घालवले. दुकाने पाहिली, तंबू वापरणाऱ्यांना भेटलो, वजनाचे हिशोब मांडले. त्यातून जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहोत.

आधी हे विचारा: छतावरच कशाला?

जमिनीवर लावायचा साधा तंबू काही हजारांत मिळतो, वजनाला चार-पाच किलो असतो आणि कुठल्याही कोपऱ्यात मावतो. मग छतावर चढायचे कशासाठी? याची तीन कारणे आहेत. जमीन ओली असो, दगडाळ असो की उताराची, वर त्याचा त्रास होत नाही. साप-विंचवाची भीती बरीच कमी होते. गादी तंबूतच घडी होऊन राहते, त्यामुळे मुक्कामी पोहोचल्यावर अंथरूण घालण्याचा व्याप नसतो.

तोटेही तितकेच खरे आहेत. शिडीची चढ-उतर प्रत्येकाला जमत नाही. वजन छतावर गेल्याने गाडी घाटात वेगळी वागते. आणि सर्वांत मोठा तोटा दुकानदार सहसा सांगत नाही. तंबू उघडा असेपर्यंत गाडी जागची हलू शकत नाही. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर आधी वरच्यांना खाली उतरवा, तंबू मिटवा, पट्टे आवळा आणि मगच चावी फिरवा. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर तंबूची निवड या एका मुद्द्यावर ठरली पाहिजे. आमच्या घरी ती त्यावरच ठरली.

छत किती पेलते?

तंबूचा रंग आणि खिडक्या नंतर बघा. आधी गाडीसोबत आलेली पुस्तिका काढा आणि छतावरील भाराची मर्यादा शोधा. ही मर्यादा गाडी चालू असतानाची असते. बऱ्याच प्रवासी गाड्यांत ती 50 ते 100 किलोच्या दरम्यान असते. पुस्तिकेत आकडा सापडला नाही तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. "होईल हो, काही होत नाही" हे उत्तर नव्हे.

आमच्या व्हॅनसाठी 75 किलोचा आकडा मिळाला. त्यात काय काय बसवायचे? कॅरिअरच्या आडव्या पट्ट्या 12 किलो. वर ठेवायच्या चादरी-ब्लँकेटे 5 किलो. उरले 58 किलो. म्हणजे गादी आणि शिडी धरून तंबू 58 किलोंच्या आत हवा. बाजारात कापडी आवरणाचे दोन माणसांचे तंबू साधारण 45 ते 55 किलोंचे दिसतात, कठीण कवचाचे 60 ते 75 किलोंचे, आणि चार माणसांचे त्याहून जड. या एका बेरीज-वजाबाकीनेच अर्धी दुकाने यादीतून गळाली.

दुसरा हिशोब गाडी उभी असतानाचा. तेव्हा आत झोपणाऱ्यांचे वजनही छतावर येते. उभ्या गाडीचे छत चालत्या गाडीपेक्षा बरेच जास्त पेलते, कारण तेव्हा ब्रेकचे, वळणांचे आणि खड्ड्यांचे धक्के नसतात. चालत्या मर्यादेच्या तिप्पट असा ठोकताळा लोक सांगतात. पण तो ठोकताळाच आहे, गाडी आणि कॅरिअर बनवणाऱ्यांचा आकडा मिळाला तर तोच धरावा. आम्ही 48 किलोंचा तंबू धरून बेरीज केली. तंबू, कॅरिअर आणि ब्लँकेटे मिळून 65 किलो. वर झोपणार घरातला कर्ता पुरुष आणि दोन्ही मुले, म्हणजे 72, 38 आणि 26, एकूण 136. बेरीज झाली 201 किलो. तिप्पट धरली तर मर्यादा 225. मुले मोठी होतील तसा हा हिशोब बदलणार, हेही तेव्हाच लिहून ठेवले.

छतावरचे वजन गाडीच्या एकूण भारातही मोजले जाते. पाच माणसे, पाणी, भांडी, सामान आणि तंबू मिळून गाडीची एकूण मर्यादा ओलांडता कामा नये. म्हणून पाण्याचे कॅन आणि भांडी नेहमी खाली, फरशीवर ठेवा.

कापडी की कठीण कवचाचा?

कापडी आवरणाचा तंबू पुस्तकासारखा उघडतो. अर्धा भाग छतावर राहतो, अर्धा बाजूला शिडीच्या आधारावर पुढे येतो. त्यामुळे जागा जास्त मिळते आणि बाहेर आलेल्या भागाखाली आडोसा तयार होतो. किंमत आणि वजन दोन्ही कमी. पण उघडायला-मिटायला दहा मिनिटे सहज लागतात, वाऱ्यात कापड फडफडते आणि मिटवलेला गठ्ठा जवळजवळ फूटभर उंच राहतो.

कठीण कवचाचा तंबू पेटीच्या झाकणासारखा उघडतो. कड्या सोडल्या की गॅसच्या दांड्यांनी झाकण वर जाते. मिटवायला दोन-तीन मिनिटे पुरतात. वाऱ्या-पावसात तो जास्त भक्कम. मात्र किंमत जास्त, वजन जास्त आणि झोपायची जागा छताएवढीच.

अम्मींची तब्येत पाहता आम्हाला लवकर मिटणारा, म्हणजे कठीण कवचाचा तंबू हवा होता. पण त्यातला हलक्यात हलका जो सापडला तो 65 किलोंचा. त्यात कॅरिअर आणि ब्लँकेटे मिळवली की 82 किलो होतात. मर्यादा 75 ची. सात किलोंनी काय बिघडते, असे दोन विक्रेत्यांनी विचारले. कुंभार्ली घाटात उतारावर ब्रेक लावताना ते सात किलो कुठे जोर लावतील, हे त्यांना पाहायचे नव्हते. आम्हाला होते.

म्हणून तोडगा दुसरीकडे शोधला. 48 किलोंचा कापडी तंबू निवडला आणि मिटवण्याचा सराव केला. घराच्या अंगणात, रात्रीच्या अंधारात, टॉर्च लावून. पहिल्यांदा 16 मिनिटे लागली. कामे वाटून घेतली. थोरल्याने शिडी आणि पट्टे धरायचे, धाकट्याने खाली उतरून अम्मींच्या बाजूच्या दारापाशी उभे राहायचे, बाकी मोठ्याने करायचे. आठ-दहा वेळा केल्यावर वेळ 7 मिनिटांवर आली. त्या 7 मिनिटांत खाली व्हॅनमध्ये अम्मींची साखर तपासून होते, गरज असल्यास ग्लुकोज देऊन होते आणि 108 वर फोनही होतो. ज्यांच्या गाडीची मर्यादा 100 किलो असेल त्यांनी मात्र अशा घरासाठी सरळ कठीण कवचाचाच घ्यावा, असे आम्ही म्हणू.

कोण वर, कोण खाली?

तंबूवर "तीन माणसांचा" असे लिहिलेले असले तरी गादीची रुंदी टेपने मोजा. 140 सेंटिमीटरमध्ये दोन मोठी माणसे किंवा एक मोठे आणि दोन मुले, इतकेच धरा.

सहा वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, चक्कर येणारे किंवा रात्री वारंवार उठावे लागणारे माणूस यांना वर पाठवू नये. मुलांच्या आणि शिडीच्या मध्ये मोठ्या माणसाने झोपावे आणि दाराची चेन रात्री बंद ठेवावी. आमच्याकडे खाली व्हॅनमध्ये अम्मी आणि सूनबाई झोपतात. मधले आसन पुढे दुमडून सामानाच्या पेट्यांवर प्लायवूड आणि त्यावर गादी टाकली की दोघींची सोय होते. अम्मींनी सुरुवातीलाच सांगून टाकले होते, "मला शिडी नको आणि माझ्यापायी तुम्ही घरीही बसू नका." या व्यवस्थेत दोन्ही गोष्टी साधल्या.

शिडीची लांबी गाडीच्या उंचीप्रमाणे हवी. ती फार उभी लावली तर माणूस मागे कलतो, फार तिरपी लावली तर सरकते. चार फूट उंचीला पाया एक फूट पुढे, हे रंगाऱ्याचे गणित इथेही चालते. प्रवासी टेम्पोसारख्या उंच गाडीवर तंबू घेणाऱ्यांनी लांब शिडी मिळते का हे आधीच विचारावे. इतक्या उंचीवरून झोपेत उतरणे आपल्या घरातल्यांना जमेल का, हेही पाहावे.

पडदा, वुजू आणि नमाज

कापडी तंबूच्या बाहेर आलेल्या भागाला खाली जमिनीपर्यंत कापडी खोली जोडता येते. ही बहुधा वेगळी विकत घ्यावी लागते. आपल्या घरांसाठी ती चैन नव्हे. कपडे बदलायला, वुजू करायला, स्त्रियांना निवांत बसायला आणि नमाज पढायला तीच जागा. तंबूच्या आत उंची साधारण चार फूट असते, तिथे उभे राहता येत नाही. खालच्या खोलीत मात्र एक-दोघांचे मुसल्ले सहज पडतात. खरेदी करताना या खोलीची उंची आणि आपल्या गाडीच्या छताची उंची जुळते का ते पाहा. आखूड पडली तर खालून सगळे उघडे राहते. शिवाय आत दिवा लावल्यावर बाहेरून सावल्या दिसतात का, हे रात्री एकदा तपासा. पातळ पॉलिस्टरमधून दिसतात, जाड कापडातून नाही.

पाण्याचा हिशोब असा. एका वुजूला नळ न सोडता लोट्याने केल्यास लिटरभर पाणी पुरते. पाच माणसे, पाच वेळा, म्हणजे दिवसाला 25 लिटर. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आणखी 15 ते 20. हे सगळे घरून वाहून नेण्यापेक्षा 20 लिटरचा नळवाला एक कॅन ठेवावा आणि वाटेतल्या मशिदीत भरून घ्यावा. किब्ल्यासाठी होकायंत्र बाळगा. मुंबईच्या आसपास किब्ला बरोबर पश्चिमेला नसून पश्चिमेपासून सुमारे 10 अंश उत्तरेकडे आहे. फजरला अंधारात शिडी उतरायची असते, म्हणून शिडीच्या खालच्या पायरीला चमकणारी पट्टी चिकटवा.

कापड, पाऊस आणि बुरशी

पॉलिस्टरचे कापड हलके असते आणि लवकर वाळते, पण माणसांच्या श्वासाचा ओलावा आतल्या बाजूला थेंब होऊन साचतो. सुती मिश्रणाचे कापड श्वास घेते, आत उबदार वाटते. मात्र ते जड असते आणि वाळायला वेळ घेते. पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. 1500 हा कमीत कमी आकडा, आपल्या पावसाचा विचार करता 2000 ते 3000 बरा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे बोट फिरवून पाहा. पाणी बहुधा कापडातून नव्हे, शिवणीतून येते.

खिडक्या रात्री थोड्या उघड्या ठेवाव्यात, जाळी मात्र लावलेली असावी. ओला तंबू मिटवून घरी आणला तर दुसऱ्याच दिवशी उघडून वाळवा. कोकणच्या दमट हवेत दोन दिवस पुरतात आणि काळे ठिपके पडतात. एकदा पडले की जात नाहीत. जून ते सप्टेंबर तंबू गाडीवरून काढून कोरड्या जागी ठेवणे उत्तम. त्यासाठी चार हात आणि जागा आपल्याकडे आहे का, हाही खरेदीआधीचाच प्रश्न. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तो जरूर विचारावा.

बसवणे आणि चालवणे

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून छताला वेल्डिंग करून लोखंडी कॅरिअर ठोकून घेऊ नका. नट-बोल्टने लावता-काढता येणारे कॅरिअर निवडा. ते लावण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर दाव्याच्या वेळी हा कागद कामाला येतो.

बसवल्यावर पहिल्या 50 किलोमीटरला थांबून सगळे बोल्ट पान्याने तपासा, नंतर प्रत्येक प्रवासाआधी. गाडीची नवी उंची मोजा. 1.8 मीटरची व्हॅन, त्यावर कॅरिअर आणि मिटवलेला तंबू मिळून 2.2 मीटर होते. मॉलच्या तळघरात किंवा रेल्वेखालच्या बोगद्यात ही उंची अडकू शकते. आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. घाटात वेग कमी ठेवा, ब्रेक लवकर लावा, इंधन थोडे जास्त जाईल हे धरून चाला.

मुक्कामाची जागा

रानात एकट्याने राहण्याची हौस कुटुंबासह भागवू नये. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. आम्ही एखाद्या घरगुती निवासाचे अंगण किंवा कृषी पर्यटन केंद्र निवडतो. थोडे भाडे दिले की शौचालय, पाणी आणि शेजार मिळतो. घरातल्या स्त्रियांना रात्री शौचालयाला जाणे सोपे आहे का, ही आमची पहिली अट. जवळचा दवाखाना किती दूर, ही दुसरी.

नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नका, नारळ कापडी छत बघून पडत नाही. किनाऱ्यावर वाळूत गाडी उतरवू नका. चाके रुततात आणि भरती वाट पाहत नाही. गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवा, चावी ठरलेल्या जागीच ठेवा, फोन चार्ज करून झोपा.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. तंबूत किंवा बंद व्हॅनमध्ये कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा हीटर कधीही पेटवू नका. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. थंडी वाटली तर एक ब्लँकेट जास्त घ्या.

खरेदीच्या वेळी

शक्य असेल तर आधी भाड्याने घेऊन दोन रात्री काढा. घरातल्या प्रत्येकाला शिडी चढायला लावा, मिटवण्याचा वेळ घड्याळात पाहा. जुना तंबू घेत असाल तर तो पूर्ण उघडून आत डोके घालून वास घ्या. कुबट वास आला तर परत फिरा. सगळ्या चेन दोनदा ओढून पाहा, तळाची फळी दाबून पाहा, कठीण कवचाचा असेल तर झाकण आपोआप खाली येत नाही ना ते बघा. सुटे भाग कुठे मिळतात हे पावतीवर लिहून घ्या.

विक्रेते हप्त्यांची सोय पुढे करतात. सहलीसाठी व्याजाचा बोजा घरात आणू नये, हे आमचे ठाम मत. आम्ही दोन ईदच्या मधल्या काळात बाजूला टाकलेले पैसे आणि एका सहलीची लॉजची बचत मिळवून रोख घेतला. तेवढे जमत नसेल तर व्हॅनमधले प्लायवूड आणि जमिनीवरचा साधा तंबू एवढ्यावरही सफर होते. अगदी तशीच आनंदाची होते.

तंबू लहान घ्या, हलका घ्या, पण घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घ्या. त्याची सोय झाली की बाकीच्यांची आपोआप होते. अल्लाह तआला आपणा सर्वांचे प्रवास सुखरूप पार पाडो, आमीन.